पेटीसकट पिकअप

मी, सिरिल डग्लस हॅनिगन, वय ७९, निवृत्त मोटार मेकॅनिक, राहणार गिलगँड्रा, न्यू साउथ वेल्स, आज पूर्ण शुद्धीवर आहे. मेव्हणा मेर्व याबद्दल शंका घेईल, पण त्याला विचारतो कोण? कोणाच्याही दडपणाला बळी न पडता माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे लावून ठेवतो. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर, मागची लिंबाची झाडं आणि बँकेतली शिल्लक मुलगी लॉरेन हिला. लॉरेन, झाडांना पाणीही घालत जा. नुसती लिंबं तोडायला येऊ नकोस.

२. गॅरेजमधली हत्यारं गावच्या शाळेला. एक पाना सोडून. त्याचं पुढे येईल.

३. गाडी ओढायचा दोर मेर्वला. कारण नोंदवून ठेवतो. बायको एडना गेल्यावर माझ्या पिकअपला मी वेग आवरणारी पेटी बसवली. रस्त्याची वेगमर्यादा तिला कळते. त्यापुढे जायला लागलं की ती गाडीचा जोर आपोआप कमी करते. अगदीच घाई असेल तर पेडल जोरात दाबावं, मग ती बाजूला होते. मेर्व क्लबात सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे सिरिल, एडना गेली म्हणून आता टोकायला पेटी आणलीस होय?" आणि त्याच संध्याकाळी डबो शहराच्या रस्त्यावर हॉर्न वाजवत मला मागे टाकून गेला. वळणापलीकडे बघतो तर कांगारूला चुकवायच्या नादात स्वारी कुंपणात! रेडिएटर फुटलेला. मेर्व धडधाकट, कांगारूही. दोर बांधून त्याला गावापर्यंत आणला, पेटीच्या चालीने. समोरून येणारा प्रत्येक जण आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून मला नमस्कार करी, आणि मागे मेर्वला बघून खो खो हसे. मेर्वलाही रिवाज मोडवेना. दोराला लोंबकळत तोही प्रत्येकाला बोट उचलत होता, बिचारा.

४. पिकअप नात ताहलिया हिला. ती डबोच्या इस्पितळात नर्स आहे आणि कांगारू रस्त्यावर यायच्या वेळेलाच घरी निघते. पिकअप नेते आणि कुरकुरते, "आजोबा, तुमची पेटी म्हणजे नुसती सासू आहे!" मी म्हणतो, "असू दे. सासू निदान घरी तरी पोचवते."

थट्टा बाजूला. आयुष्यभर मी अपघातातल्या गाड्या ओढून आणल्या. आतले बूट, खाण्याचे डबे गोळा करून लोकांच्या दारात मीच नेऊन दिले. ताहलियाच्या गाडीतलं असं काही कोणी लॉरेनच्या दारात आणावं, हे मला मेल्यावरही सोसणार नाही.

म्हणून अट घातली होती: पेटी काढली तर पिकअप मेर्वला. वकीलबाई एलेनी पापास म्हणाल्या, "सिरिल, मेल्यावर तुमचा पाय काही पेडलपर्यंत पोचायचा नाही. खोडा ते." खोडलं. गाडी बिनशर्त तिची. पेटी काढायचा पानाही तिचाच. पोरी, मागणं एवढंच, की काढू नकोस. मला तुझी फार काळजी वाटते गं.

५. क्लबात बसून इथवर लिहितोय तोच ताहलिया मला न्यायला आली आणि खांद्यावरून सगळं वाचलंन. मला वाटलं, आता फिदीफिदी हसणार. हसली नाही. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"पेटी राहील, आजोबा. पण आणखी एक मिळेल का? जॅरडच्या गाडीला बसवायचीय. फार सुसाट सुटतो मेला. घरी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो."

"कोण जॅरड?"

पोरगी लाजून लालबुंद.

सबब, सदर जॅरडला समोर बसवून चार प्रश्न विचारेपर्यंत, आणि त्याच्या गाडीला माझ्या हाताने पेटी बसवेपर्यंत, हे मृत्युपत्र अमलात येऊ देण्याचा माझा कोणताही इरादा नाही.

सही: सि. ड. हॅनिगन

आमच्यासमक्ष सही केली. आम्हाला यातलं काहीही मिळणार नाही:
डोरीन फाही, क्लबचं स्वयंपाकघर
बार्नबी स्ट्रोन, शेजारी

गिलगँड्रा, १४ मे २०२४