नातीला इंजिन कोणी शिकवलं?

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८१२. दहिवली.

आज गाडीची शिट्टी झाली तशी सव्वा वर्षाची नात 'इंदिन, इंदिन' करत टाळ्या पिटू लागली. इंजिन! हे हिला शिकवतं कोण? सून म्हणते, "मी नाय, मामंजी." मुलगा तर माझ्यादेखत पोरीशी अवाक्षर बोलत नाही, बापासमोर आपलं मूल खेळवायचं नसतं, ही आमची रीत.

संशय आला. संध्याकाळी देवळाच्या अर्ध्या वाटेतून परतलो. गोठ्यामागे मुलगाच! पोर खांद्यावर.

"ते बघ गं, इंजिन. घाट चढून दमणार ना गं ते?"

"इंदिन!"

मला पाहताच त्याने तिला खाली ठेवलं, मान खाली घालून उभा राहिला.

पण रोज सांजेला मला देवळात धाडते ती माझी बायको! तिला ठाऊक असणारच.

उद्याही जाईन. परतताना वेशीपासूनच खोकत येईन.