हुडकेश्वरच्या वावरातला गाडी-सिनेमा

नागपूर,
रविवार, ८ एप्रिल १९८४

ती. चंपतराव यांना मधुकरचा नमस्कार.

आपली दाढ आता कशी आहे? काढली की अजून लवंगेवरच भागवताय? वहिनींचा गुडघा आणि मुलांच्या परीक्षा यांचंही सविस्तर कळवावं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आपली बहीण कुसुम आणि मुलं खरोखरच ठीक आहेत. माझं मात्र काही ठीक नाही. आठ दिवसांपासून घास उतरत नाही, झोप लागत नाही, आणि परवा नववीच्या वर्गात मी गोदावरी नदी सातपुड्यातून वाहवली. (मुलांनी ती तशीच वहीत उतरवून घेतली. याचीही मला काळजीच वाटते.)

झालं असं, की आमच्या चित्रपट रसिक मंडळाच्या बैठकीला मुंबईचे एक पाहुणे आले होते. तिकडे म्हणे लोक आपापल्या मोटारीत बसूनच सिनेमा बघतात, काचेला भोंगा लावतात आणि भजी खातात. इथवर ठीक होतं. पण ते पुढे म्हणाले, "तुमच्या नागपुरात हे कधी जमणार? आधी मोटारी तर हव्यात!" सगळे हसले. मला ते लागलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे हे तुमच्या कितीतरी आधी होऊन गेलंय." (सीताबर्डीच्या एका न्हाव्याच्या दुकानात मी हे कधीतरी ऐकलं होतं. तोंडाला साबण असल्यामुळे पुढचं विचारायचं राहून गेलं.) आमचे अध्यक्ष दत्तोपंत इतके खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथे स्मरणिकेत माझा सचित्र, सनकाशा लेख जाहीर केला आणि पाहुण्यांना बावीस एप्रिलला ती जागा बघायला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. पाहुणे येतो म्हणाले. जागा कुठे आहे, हे फक्त मला ठाऊक होतं, म्हणजे कोणालाच नव्हतं.

मग मी महिनाभर सायकलवर फिरलो. न्हावी वारला होता. त्याच्या मुलाने रामटेककडे बोट दाखवलं. रामटेकला एका पेढेवाल्याने मला पुन्हा नागपूरला पाठवलं. जुन्या थिएटरातल्या एका म्हाताऱ्या ऑपरेटरने आठवून आठवून तीन जागा सांगितल्या. त्यातली एक तलाव निघाली, दुसरी कुस्तीचा आखाडा. तिसरी हुडकेश्वरच्या वाटेवरची. तेव्हा गेल्या रविवारी शाळेतली मोजणीची टेप, चार खुंट्या आणि होकायंत्र घेऊन मी तिथे पोचलो. रस्त्यालगत एक उघडं वावर होतं, तूर निघून गेलेली. इथे पडदा, इथे मोटारी, असा अंदाज बांधून मी खुंट्या ठोकल्या आणि टेप ताणली. नकाशा हवा होता ना!

तिसरी खुंटी ठोकेपर्यंत माझ्याभोवती वीसेक माणसं उभी होती. त्यांतले दादाजी नावाचे उंच गृहस्थ माझ्या टेपवर पाय देऊन म्हणाले, "काहून मोजून राहिले जी?" मी म्हणालो, सिनेमासाठी. चंपतराव, यापेक्षा वाईट उत्तर मला जन्मात सुचलं नसतं. शहर त्या बाजूने वाढतंय, प्लॉट पाडून विकणारे ले-आउटवाले रोज चकरा मारतात, आज ना उद्या सरकार जमिनी घेणार ही धास्ती घराघरात आहे. त्यात मी खुंट्या ठोकून सांगतोय, की इथे सिनेमा होणार. एकाने होकायंत्र घेतलं, एकाने सायकलची हवा सोडली. दादाजी म्हणाले, "आमचं वावर घ्यासाठी मास्तर पाठवते का सरकार? लिहून द्या." मी वहीचं पान फाडून लिहून दिलं, 'मी सरकार नाही.' खाली सही, तारीख आणि शाळेचा पत्ता. (उद्या सरकार खरंच आलं आणि यांनी हा कागद पुढे केला, तर माझ्या नोकरीचं काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.)

एवढ्यात वावराच्या मालकीणबाई आल्या, अंजनाबाई. साठीच्या असतील. त्यांनी माझी चौथी खुंटी उचलली, दहा पावलं पलीकडे गेल्या आणि तिथे रोवली. म्हणाल्या, "पडदा इथं होता जी."

मी त्यांच्या पायाच पडणार होतो. पण त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. सन बासष्टच्या उन्हाळ्यात रस्त्याचं काम चालू होतं. त्या कंत्राटदाराजवळ जनरेटर होता आणि सिनेमाचं यंत्र होतं. दर रविवारी तो ट्रकच्या टपावरून सिनेमा दाखवायचा. पहिल्या रविवारी तीन मोटारी आल्या, आणि बैलबंड्या चाळीस. मोटारवाले कुरकुरले, तर कंत्राटदार म्हणाला, चाक सारखंच आहे, बसा. बैल बाभळीखाली सोडायचे आणि बंडीत बसून बघायचं. अंजनाबाईंचे यजमान रुपराव शिंपीकाम करायचे. मांजरपाटाचा तो एवढा पडदा त्यांनी हाताने शिवला होता. काम संपलं, कंत्राटदार जनरेटर घेऊन गेला, सिनेमाही संपला. रुपराव जाऊन आता सहा वर्षं झाली.

मी विचारलं, तुम्हाला कोणता सिनेमा आवडला?

"मले काय मालूम? हवा सुटली का पडदा उडे. मी आन माही सासू मागून दोर धरून उभ्या. मागूनच पाहिले सारे. त्या सिनेमातली सारी मानसं डावखुरी होती बाप्पा. जेवतही डाव्या हातानं, मारतही डाव्या हातानं."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या यायचं नाव लिहा तुमच्या पुस्तकात. आन एकडाव मले समोरून पाहाचं आहे. मोटारीत बसून."

मी दोन्ही कबूल केलं. दादाजींनी होकायंत्र परत दिलं, सायकलीत हवाही भरून दिली. ('मी सरकार नाही' मात्र त्यांनी ठेवून घेतलं.) लेखाला मी रुपरावांचंच नाव दिलं आहे. बावीसला त्याच वावरात सिनेमा दाखवायचा म्हणून मंडळाने भाड्याचं यंत्र ठरवलंय, पडदाही ठरलाय. आपला आशीर्वाद असावा. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

आपला,
मधुकर

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. आमच्या मंडळाचे एकेचाळीस सभासद आहेत आणि त्यांच्याकडे मिळून चौतीस सायकली, पाच स्कूटर आणि दोन लुना आहेत. मोटार एकही नाही. बावीस तारखेला दुपारी चारच्या आत आपण वर्ध्याहून आपली अॅम्बेसेडर घेऊन येऊ शकाल काय? पुढची सीट अंजनाबाईंची. पाहुण्यांना मागे बसवू. दाढ दुखत असेल तर इथे डॉक्टर आहे.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालण्याआधी कुसुमने वाचलं आणि ती हसत सुटली. म्हणाली, त्या उन्हाळ्यात मामांकडे असताना आपणच तिला बंडीत घालून तिथे नेलं होतं, तीन रविवार! पडदा, ट्रक, बाभळी, सगळं तिला पाठ आहे. मी म्हणालो, अगं, महिनाभर मी उन्हात वणवण फिरतोय, बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही साऱ्या नागपूरले विचारलं, मले कुठं विचारलं?" यावर काय बोलावं, ते कृपया उलट टपाली कळवावं.