रिकाम्या घराला काय म्हणायचं

बाई,

गेल्या आठवड्यात माझ्या नातीनं तुमच्याकडून आलेला एक शब्द बंदुकांच्या धडधडाटात मोठ्यानं उच्चारला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे. घाबरू नका, बंदुका खऱ्या नव्हत्या. नात आता पंधरा वर्षांची आहे आणि कॉम्प्युटरवरचा एक खेळ शिकायला ती क्लासला जाते. जाते म्हणजे कुठं जात नाही. इथंच ग्वाल्हेरला, दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात, आतल्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून बसते, आणि सांगलीहून एक तरुण सर तिला आणि तिच्याएवढ्या चार मुलांना एकदमच शिकवतात. खेळायचा कसला क्लास, असं तुम्ही नक्की विचाराल. माझ्या मुलानंही विचारलं होतं, तेही हिंदीत. पण मी दोन-चार संध्याकाळी खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून ऐकलं आणि मला तुमचा वर्ग आठवला. ते सर आदल्या दिवशीचा डाव पडद्यावर पुन्हा लावतात, मध्येच थांबवतात आणि विचारतात, "इथं तू का वळलास? तुला काय दिसलं होतं?" तुम्हीही कविता अशीच थांबवत होतात. ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "पुढं पळू नकोस. इथं काय दिसतंय ते सांग."

हा क्लास मराठीत चालतो, म्हणून मला त्याचं एवढं अप्रूप. पुण्याच्या आत्येभावानं तिला त्यात ओढलं. आमच्या घरात मराठी आता माझ्यापुरतीच उरली होती. सून हिंदीभाषक, मनानं फार गोड. मुलगा तिच्याशी हिंदीत बोलता बोलता माझ्याशीही हिंदीतच बोलायला लागला, आणि नात मला "आजोबा" म्हणून हाक मारायची अन् पुढचं सगळं वाक्य हिंदीत सांगायची. क्लास सुरू झाल्यावर मात्र ती अधूनमधून माझ्या खोलीत डोकावू लागली. "आजोबा, छत को क्या बोलते हैं?" "आजोबा, 'झुडूप' म्हणजे झाडी ना?" मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून असं उत्तर देतो, जसं काही कोणी मला सभेत बोलायला उभं केलं आहे.

आमची मराठी कशी होती हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? तुम्ही लग्न होऊन साताऱ्याकडून ग्वाल्हेरला आलेल्या. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेले, आणि त्यांच्यामागून आमच्या बोलण्यात हिंदी कधी शिरली ते आम्हाला कळलंही नाही. गणेशोत्सवातल्या कवितापाठाची तयारी करायला आम्ही चार-पाच पोरं गोरखी वाड्यामागच्या तुमच्या घरी जमतो. तुम्ही स्वयंपाकघरात थालीपीठ लावता आहात आणि आम्ही उंबऱ्यापाशी एका सुरात कविता म्हणतो आहोत. कोणी चुकलं की तव्यावर उलथणं वाजतं. मी ताटाकडे बोट दाखवून म्हणतो, "बाई, मला ते वालं द्या ना, कुरकुरीत." तुम्ही वळून बघता. "वालं? वाल असतात ते उसळीत घालायचे. थालीपीठ कुठलं हवंय ते नीट सांग." मी लाजेनं लालबुंद होतो. तरी कुरकुरीत थालीपीठ माझ्याच पानात पडतं, वर लोण्याचा गोळा.

तर झालं असं. नातीच्या खेळात पाच जणांचा संघ असतो. एकानं सगळीकडे नजर ठेवायची आणि बाकीच्यांना ओरडून सांगायचं, शत्रू कुठं आहे, कुठं शिरायचं. रविवारी दुसऱ्या क्लासशी सामना होता, आणि हे आवाज देण्याचं काम कोणाला द्यायचं ते सर ठरवणार होते. तिला ते काम फार हवं होतं. दिवसभर घरात त्याचाच जप चालला होता. सरावात तिला संधी मिळाली. संघ एका माडीवर दबा धरून बसलेला, तिला समोरचं घर मोकळं दिसलं आणि ती ओरडली, "खाली आहे! खाली आहे!" तिनं सांगितलं हिंदीतलं खाली. पोरांनी ऐकलं मराठीतलं. चौघंही जिन्याकडे बंदुका रोखून बसले, तेवढ्यात शत्रू त्या मोकळ्या घरात शिरला आणि तिथून त्यानं यांना टिपून काढलं. मग काय विचारता! "अगं, खाली कोण होतं? मुंगी?" "हिची मराठी डब केलेली आहे राव!" ती बाहेर आली ती डोळे पुसतच. "ते सगळे माझ्यावर हसले," ती म्हणाली, "मी हिंदी बॅच घेऊन टाकते. मला नाही बोलायची मराठी." तिच्या आईनं समजूत घातली की ठीक आहे, हिंदीतच शीक. त्यात चूक काही नव्हतं. पण मला वाटलं, आता माझ्या दारात कोणी शब्द मागायला येणार नाही.

थोड्या वेळानं मी तिला म्हटलं, "'रिकामं' म्हण ना." ती फणकारली, "बहुत लंबा है, आजोबा. बोलते-बोलते मर जाऊँगी." मी मनातल्या मनात मात्रा मोजल्या. पोरगी म्हणत होती ते खरंच होतं. धावत्या चालीत तो शब्द जड पडतो. मी चाचपडत राहिलो आणि अचानक म्हणालो, "ओस." ती माझ्याकडे बघतच राहिली. "ओस? वो सुबह वाली? घास पे?"

बाई, मला हसू आवरेना. तुम्हाला आठवतं? पुस्तकातल्या त्या कवितेत दुष्काळानं गाव ओस पडतं, आणि तुम्ही विचारता, म्हणजे नेमकं काय झालं. मी छाती पुढं काढून उभा राहतो. "बाई, गावावर ओस पडली. पहाटे सगळं ओलं झालं आणि चमकायला लागलं." वर्गात कोणीही हसत नाही, कारण वर्गातल्या प्रत्येकाच्या मनात तीच ओस पडलेली असते. तुम्ही फळ्याकडे तोंड फिरवता आणि तुमचे खांदे हलताना दिसतात. मग पदरानं डोळे टिपून तुम्ही सांगता, "ओस म्हणजे रिकामं रे, माणसं निघून गेलेलं. तू म्हणतोस त्याला दव म्हणतात." थोडं थांबून, खिडकीबाहेर बघत, हळूच म्हणता, "पण राहू दे तुझं. माणसं गेली म्हणून दव पडायचं थोडंच थांबतं." तुम्ही माहेरच्या गावाबद्दल बोलत होतात, हे मला फार नंतर उमगलं.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकलं. मग म्हणाली, "ते दव वालं मस्त आहे." मी बोलून गेलो, "वाल असतात ते उसळीत घालायचे." तिला काही कळलं नाही, पण हसली मात्र.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला बसली आणि मी दाराबाहेर. बराच वेळ कुजबुज, गोळ्या, मग तिचा आवाज आला, "ओस! डावीकडचं घर ओस!" खेळ थबकल्यासारखा वाटला. एक पोरगा म्हणाला, "ओएस? कुठली? विंडोज का?" सगळे खिदळले. मला वाटलं, मीच पोरीला दुसऱ्यांदा हसं करून घ्यायला पाठवलं. पण ती गप्प बसली नाही. "ओस म्हणजे रिकामं. मराठी आहे. तुम्हाला नाही येत?" मग सर हसले. "अरे, माझी आजी म्हणायची हे! घर ओस पडलंय म्हणायची. घ्या पोरांनो, ग्वाल्हेरची मुलगी आपल्याला मराठी शिकवतेय. चला, डावीकडं शिरा, ओस आहे ते!" आणि शेवटी त्यांनीच सांगितलं की रविवारी आवाज हीच देणार.

रविवारी ते हरले. ती बाहेर आली तर चेहरा लाल, केस विस्कटलेले, आणि म्हणते काय, "आजोबा, हरलो, पण एकदाही कोणी खाली बघितलं नाही!" हिंदी बॅचचा विषय पुन्हा निघालेला नाही.

हे कुठं पाठवणार आहे मी? लिहिताना मात्र तुम्ही शुद्धलेखन तपासत असाल असं वाटत राहिलं, म्हणून जपून लिहिलं. आणि एक गोष्ट नातीला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगतो. मला खेळ कळतो असं तिला वाटतं. मला काही कळत नाही, बाई. कोण आपला, कोण शत्रू, कोण कुठून येतो, काहीही नाही. मी नुसता ऐकतो, आणि एखादं वाक्य छान उतरलं की मुशायऱ्यात बसल्यासारखा दाद देतो. काल ती जोरात ओरडली आणि मी बाहेरून म्हणालो, "वा!" ती दार उघडून चिडून म्हणाली, "वा काय, आजोबा? मी मेले ना आत्ता!" पण बाई, ती "मेले" म्हणाली होती. आधी "मर गई" म्हणायची.