वास येईना तेव्हा

तीर्थरूप आईस,
समीक्षाचा दुबईहून नमस्कार. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कमी झाला का?

आमच्या हॉटेलात लोक फक्त गोड खायला येतात. मोसमातल्या फळांचे पाच-सहा पदार्थ एकामागोमाग एक वाढतात. सध्या हापूसचे चाललेत. ते बनवायला मी असायचे.

मागे फोनवर सांगितलेला ताप उतरला, पण नाकाला वास येईना, जिभेला चवही नाही. परवा शेफने नारळाचं दूध चाखायला दिलं. ‘चांगलं आहे’ म्हणणार होते, पण नासलेलं असलं आणि कुणाला बाधलं तर? खरं सांगून टाकलं. तो बिचारा म्हणाला, “मग तुला इथे ठेवून काय करू?”

डॉक्टर म्हणतात, चव परत येईलच असं नाही. महिनाअखेर घरी येतेय.

तू पाठवलेली फणसपोळी काल उघडली. खोलीतल्या मुली वासानेच खूश झाल्या. मी तुकडा तोंडात धरून बसले. काहीच कळलं नाही गो आये.

बाबांना एवढ्यात सांगू नको. तू रांधशील ते मी त्यांच्यासमोर ‘बरा झालाहा’ म्हणत जेवेन. ते खोटं फक्त तुला कळेल.

तुझ्या पाया पडते.
समीक्षा