पडद्यातून बाहेर आलेला हात

२७ जानेवारी, मंगळवार
निशूच्या बालवाडीत ७ तारखेला फॅमिली इव्हनिंग. प्रमोदिनी मॅडमनी ग्रुपवर खेळ टाकलाय. सहा बाबा पडद्यामागे, फक्त उजवा हात बाहेर. पोरानं आपल्या बापाचा हात ओळखून धरायचा. हा काय खेळ झाला? चार वर्षांची पोर सख्ख्या बापाचा हात ओळखणार नाही होय?

संयोगिता म्हणाली, "वळकंल की. ती जागी असताना तुमी घरात दिसलासा तर." बायकोला टोमण्यासाठी निमित्त लागत नाही. शिरोली एमआयडीसीतली आमची फौंड्री मीच चालवतो. मालक फक्त मालक आहेत. वेळ कुठून आणू?

संकल्प : उद्यापासून सातला घरी. निशूचा हात धरून रंकाळ्यावर अर्धा तास.

२८ जानेवारी
वेळेत निघालो होतो. तालमीपाशी मंडळी भेटली. दहाच मिनिटं थांबलो, ती जरा लांबली. निशू झोपलेली. झोपेतच तिचा हात धरला. हाही सरावच.

३० जानेवारी
आजही झोपलेली. हल्लीची मुलं फार लवकर झोपतात.

१ फेब्रुवारी, रविवार
आजचा दिवस निशूचा, असं ठरलं होतं. मित्रांनी गगनबावड्याला जेवण ठेवलं. तिलाही नेणार होतो, पण वळणांवर मुलांना गाडी लागते. तिला कधी लागली नाही, पण लागू शकते.

४ फेब्रुवारी, सकाळ
सरावाची गरजच नाही! गुजरीतल्या सराफाकडून चांदीचं जाडजूड कडं आणलंय. निशूला गाठून सांगितलं, कडं दिसलं की तो हात धरायचा. "व्हय," म्हणाली. हुशारी बापाची. तेवढ्यात बालवाडीच्या रिक्षावाल्या हंबीरमामांनी हॉर्न दिला आणि पोर पळाली.

७ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी ६
बालवाडीत पोचलो. एक बाबा आलाच नाही. काय एकेक बाप असतात! हात पाचच. हंबीरमामा खुर्च्या उतरवायला आलेले, मीच सुचवलं, यांना उभं करा. मामा म्हणाले, "नगं पावणं, हाताला ग्रीस हाय." मी म्हटलं, उलट बरं, एक हात वेगळा असला की पोरांना सोपं.

रात्री ८
पाचही बाबांच्या हातांत कडी. कोल्हापुरात राहून हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

निशूनं माझं कडं फिरवून पाहिलं. "थंड हाय," म्हणाली आणि पुढं गेली. मग ग्रीसचा हात दोन्ही हातांनी धरला. मॅडमनी विचारलं, हा बाबांचा का? म्हणाली, "ह्यो माझा. रस्त्यावर धरायला ह्योच आसतोय की."

हॉल हसला. पडद्यामागे मला फार वाईट वाटलं. अर्थात पडद्याचं कापड जाड होतं आणि उजेडही कमी होता. मॅडमना कळवणार आहे.

संकल्प : सोमवारपासून निशूला मीच सोडणार. हात धरून.

९ फेब्रुवारी, सोमवार
उठायला जरा उशीर झाला. रिक्षा दारात. तरी फाटकापर्यंत धावलो, कडं काढून ठेवलं होतं, उजवा हात तिच्यापुढं केला. निशूनं हाताकडं नीट पाहिलं. मग त्याला आपलं दप्तर अडकवलं आणि हंबीरमामांचा हात धरून चालू लागली.

दप्तर रिक्षापर्यंत मी नेलं.