उजव्या हाताची रायफल

आबा, परवा पेपरात वाचलं की पोलिसांनीसुद्धा थ्री-नॉट-थ्री आता मोडीत काढली. चार ओळींची बातमी, पण चहा गार होईपर्यंत ती घेऊन बसलो होतो. आता ती रायफल कुणाच्याच खांद्यावर राहिली नाही, म्हणजे तुमच्यापाशी खोटं बोलायला मला कारणही राहिलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. शाळा आठवीतच सुटली, पुढचं जे काही आलं ते बराकीत पडेल तो कागद वाचून आलं, तेव्हा अक्षराकडं बघू नका.

आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला लोखंडी सरकती कडी होती. मूठ वर उचलायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची, खाली पाडायची. रायफलीचा बोल्ट असाच चालतो आणि तो उजवीकडंच असतो, असं तुम्ही सांगायचा. मी जन्माचा डावरा. भाकरी डाव्या हातानं मोडायचो म्हणून तुम्ही ताट ओढून घ्यायचा, तिथं बोल्टाची काय कथा. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं माझा डावा हात कमरेला बांधलेला असे आणि उजव्या हातानं मी कडी मारत असे, वर, मागं, पुढं, खाली, तुम्ही बस म्हणेपर्यंत. दार लावलेलं, त्यामुळं चुलीचा धूर आतच कोंडायचा. आई डोळे पुसत म्हणायची, "आवं, पोराला शिकवताय का धुरी देताय?" तुम्ही हसायचा नाही. म्हणायचा, "पलटणीत डाव्यासाठी येगळी रायफल न्हाई."

त्या रायफलीबद्दल तुम्ही माणसासारखं बोलायचा. इटलीच्या डोंगरात चिखलात बुडवून काढली तरी ती रुसली नाही म्हणायचा. तुमच्या मांडीत गोळी लागली, तेव्हा खालच्या आळीचे तात्या तुम्हाला पाठीवर घेऊन टेकडी उतरले, गळ्यात दोन्ही रायफली अडकवून, तुमची आणि त्यांची. एक टाकून दिली असती तर ओझं कमी झालं असतं, पण तात्यांनी टाकली नाही. आजीनं मात्र एकदाच जेवताना तुम्हाला बोलून दाखवलं होतं की तू तिकडं लढत होतास तेव्हा तसलीच बंदूक घेऊन गोऱ्या सरकारचे शिपाई आपल्या वेशीत उभे होते, आपल्याच माणसांवर रोखून. तुम्ही ताटावरून उठून गेलात. मला तेव्हा वाटलं होतं, हात धरून तुम्हाला परत बसवावं. पण जेवतानाही माझा डावा बांधलेला, एकच हात मोकळा होता.

मी भरती झालो तेव्हा सत्तर साल उलटलं होतं. तुम्ही गावभर पेढे वाटले. ट्रेनिंगला पहिल्यांदा हातात रायफल आली, ती मात्र वेगळीच होती. उस्ताद म्हणाला, कॉक करो, म्हणजे मूठ ओढ. सवयीनं उजवा हात मुठीकडं नेला, तर तिथं काहीच नाही. उस्तादानं मनगटावर एक ठेवून दिली. "उलटा हाथ, उलटा!" मूठ डावीकडं होती. नव्या रायफलीची मूठ एकदा डाव्या हातानं ओढली की पुढच्या गोळ्या आपल्या आपण चढत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा डावा हात मागत होतं. रडू येतंय का हसू, कळेना.

पहिल्या सुट्टीला घरी आलो त्या संध्याकाळी तुम्ही मला तालमीच्या कट्ट्यावर घेऊन गेलात. सगळे पेन्शनर जमलेले. तात्यांचा जावई दुसऱ्या पलटणीत होता, त्यानं त्यांना नव्या रायफलीचं सांगितलेलं. तात्या गालात हसत म्हणाले, "हवालदार, तुमची बाई म्हातारी झाली. आता नवी आलीया, डाव्या हातानं वडायची."

"तात्या, जावयाला भांगेचा नाद लागला काय रं?" तुम्ही म्हणालात. कट्टा हसला. मग तुम्ही माझ्याकडं वळलात. "सांग त्यास्नी. कंची रायफल हाय तुमच्याकडं?"

मला दार दिसत होतं, धूर दिसत होता, तुमच्या कपाळावरची शीर दिसत होती. म्हणालो, "तीच हाय, आबा."

"मूठ उजवीकडंच?"

"व्हय. उजवीकडंच."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, एखादं ओळखीचं माणूस गर्दीत चुकावं तसं. तुम्ही सगळ्यांदेखत त्यांना म्हणालात, "जिनं आपल्याला जिवंत आणलं तिच्याबद्दल खोटं बोलतुयास. पुन्यांदा माझ्याशी बोलू नगंस." तात्यांनी पायताण घातलं आणि गेले. त्यानंतर ते विहिरीवर जायला आपलं दार टाळून लांबची वाट धरू लागले.

दर सुट्टीला ठरवून यायचो की या खेपेला सांगायचं. पण बॅग खाली ठेवायच्या आत तुम्ही बोल्टाची चौकशी करायचा आणि मी बोल्टाला तेल कसं देतो ते सांगत बसायचो. थोरल्या बहिणीच्या घरी सांगलीला गेलो की ट्रेझरीच्या दारातल्या पोलिसाकडं बोट दाखवून तुम्ही म्हणायचा, "बघ, तीच हाय." खरंच तीच होती. पोलिसाकडं होती ती, आबा, पलटणीकडं नव्हती. एका शब्दानं सुरुवात केली होती, आता त्या शब्दाला कडी लागली होती आणि मी आत होतो.

शेवटी तुम्ही सांगलीच्या दवाखान्यात पडलात. तात्या एसटीनं आले, वॉर्डाच्या दारात उभे राहिले. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. मी त्यांना बाहेर पोचवायला गेलो.

"सांगितलंस का त्येला?" त्यांनी विचारलं.

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग आता नगंस सांगू. त्येच्यापाशी दुसरं काय उरलंय?" असं म्हणून ते स्टँडच्या रस्त्याला लागले. टेकडी उतरताना ज्या पाठीवर तुम्ही होता, ती पाठ वाकलेली मी तेव्हा बघितली. धावत जाऊन थांबवलं नाही. आत येऊन तुम्हाला पेज भरवायला बसलो.

हे पत्र घडी करून तुमच्या माघारी राहिलेल्या पेन्शनच्या पुस्तकात ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवू. एवढंच कबूल करायचं होतं. त्या दिवशी पेज तुमच्या हनुवटीवरून छातीवर सांडली आणि तुम्ही म्हणालात, "पलटणीत इतकी वर्सं काढलीस आन् चमचा धरता येईना?" चमचा उजव्या हातात होता, आबा. डावा मांडीवर रिकामा पडला होता. त्यानं थेंब सांडला नसता. पण तुम्ही बघत होता.