मूळ यादीला धक्का न लावता

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार (कंबर धरल्यामुळे यंदा खुर्चीवरूनच). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी साखर सोडली, की नुसतीच लपवली?

तू इथली नोकरी सोडल्यापासून ऑफिसात एकच गोष्ट भरभरून वाढली, ती म्हणजे तेच तेच कोड. साधी तारीख लिहायची, तर बारा प्रोग्रॅममध्ये बारा प्रती, आणि बाराही थोड्या थोड्या वेगळ्या. म्हणून मी सगळ्यांना वापरता येतील अशा चाळीस फंक्शन्सची लायब्ररी लिहिली. मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी करून दाखव; दुसऱ्या एका तरी गटाने घेतली तर ठीक, नाहीतर गुंडाळ आणि पुन्हा प्रती काढायला बस.

आमच्या या भाषेची शिस्त तुला ठाऊकच आहे. फंक्शनने मूळ वस्तूला हात लावायचा नाही, नवी करून द्यायची. ती आपण नाव देऊन धरून ठेवली नाही तर गेली. तीन आठवडे मी हे भेटेल त्याला ऐकवलं. (पाणी प्यायला आलेल्यांनाही. आता लोक घरून बाटली आणतात.)

शुक्रवारी मोठ्या पडद्यावर मी गिऱ्हाइकांची यादी आडनावांप्रमाणे लावायला घेतली. यादी जशीच्या तशी! पुन्हा चालवलं. ढिम्म. तेवढ्यात गोदाम विभागाचे चष्मेवाले काका, जे आजवर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, मागून म्हणाले, "अरे बाबा, नवी यादी आली की! तू ती धरलीच नाहीस!" घसा फोडून जे सांगत होतो, तेच मी विसरलो होतो. सगळे हसून हसून बेजार झाले. पण ताई, म्हणजे माझं सांगणं त्यांना कळलं होतं गं! काकांनी तिथल्या तिथे लायब्ररी मागून घेतली, पाठोपाठ आणखी दोन गटांनी. आनंदाच्या भरात मी मॅडमशी दोनदा हस्तांदोलन केलं (दुसऱ्यांदा त्यांनी हात माउससाठी पुढे केला होता).

तुझा,
धाकटा

ता. क. पहिल्या पानावर लेखक म्हणून माझं नाव घातलंय. जाड अक्षरात.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र याचसाठी. चाळीसपैकी एकोणचाळीस फंक्शन्स ज्या एकावर उभी आहेत, ते तू सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं, सात ओळींचं. ते नेमकं करतं काय? एक ओळ काढून पाहिली, तर सगळं कोसळलं. परत घातली, तर उभं राहिलं. उलट टपाली कळव.

ता. क. ३. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. दरम्यान पहिलं पान बदललं: वर तुझं नाव, खाली माझं. तेच खरं आहे, आणि दिसतंही छान. शिवाय काकांची पहिली तक्रार आजच आली, ती सोबत तुझ्याकडे पाठवत आहे.